दरवर्षी तासलं तरी अडकणारं दार

प्रकरण एका खोलीच्या दाराचं आहे. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि शाळेत जाणारा नातू. मागची खोली आजींची, तिच्या शेजारीच न्हाणीघर. खोलीचं दार सागवानी, साधारण ८० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच, ३५ मिलिमीटर जाड, आणि आतल्या बाजूला उघडणारं. पावसाळा लागला की हे दार कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासायला लागायचं. भर पावसात तर खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही. पाऊस सरून हवा कोरडी झाली की आपोआप सुटायचं.

आजोबांनी तरुणपणी हौसेनं सुतारकाम केलेलं. दरवर्षी दार अडकलं की ते रंधा काढायचे, घासलेल्या जागेवरचा रंग निघालेला असायचा तिथं चार हात मारायचे, वरून थोडा रंग लावायचे. दार त्या वर्षापुरतं मोकळं व्हायचं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच जागा, तोच रंधा. आणि उन्हाळ्यात त्याच जागी एवढी फट पडायची की खोलीतला दिवा बाहेरून दिसायचा आणि कडी कोयंड्यात जेमतेम टेकायची.

मला बोलावणं आलं तेव्हा घरात दोन मतं पक्की झालेली होती. मुलाचं म्हणणं, जुनं दार काढून टाकू आणि नवं फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांना प्लायचे थर चिकटवलेलं सपाट दार, बसवू. आजोबांचं म्हणणं, दार चांगल्या सागवानाचं आहे, अजून थोडं तासलं की काम होईल. सूनबाईंना दोन्हींशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना घाई होती, कारण एका रात्री आजी आत अडकल्या होत्या. न्हाणीघरात जायला उठल्या, दार ओढलं तर निघेना, हाका मारून मुलाला उठवावं लागलं. तेव्हापासून त्यांनी दार लावणंच सोडलं. कपडे बदलायचे तर सुनेला दाराबाहेर उभं राहायला सांगायच्या. दारावरून एवढी चर्चा झाली, पण ते दार रोज वापरणाऱ्या बाईला काय जड जातं हे कुणी विचारलेलं नव्हतं. ते मी नंतर विचारलं, आणि उत्तरातून दुरुस्तीचा अर्धा आराखडा मिळाला. त्याकडे पुढे येतो.

फुगण्याचा हिशोब जुळत नव्हता

पावसाळ्यात दार अडकलं की सगळे एकच कारण सांगतात, लाकूड फुगलं. ते खोटं नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, ते काही कधी थांबत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी टिकून राहतं. आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांवर राहिली की तेच प्रमाण १६ टक्क्यांकडे जातं. रंग किंवा पॉलिश या देवघेवीचा वेग कमी करतं, ती थांबवत नाही.

पण किती फुगलं, हे मोजल्याशिवाय त्याच्यावर आळ घेऊ नये. लाकूड सगळीकडून सारखं फुगत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही, ओल्या लाकडाचं पूर्ण कोरडं लाकूड होईपर्यंत फार तर ०.१ ते ०.२ टक्के. रुंदीच्या दिशेनं मात्र फरक मोठा. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते खोडाच्या वलयांना समांतर सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि वलयांना काटकोनात सुमारे २.५ टक्के. म्हणूनच चांगल्या दारासाठी फळी कशी कापली आहे हे जुने सुतार आधी पाहायचे.

आता हे दार पॅनेलचं. म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मधल्या खाचेत सैल बसवलेल्या पातळ फळ्या. ही रचना नुसती दिसायला छान म्हणून केलेली नसते. आडव्या पट्टीचे तंतू दाराच्या रुंदीच्या दिशेनं धावतात, त्यामुळे ती रुंदीत वाढत नाही. मधल्या फळ्या फुगल्या तरी खाचेत सरकतात, चौकटीला ढकलत नाहीत. दाराची रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांमुळे. इथे प्रत्येक उभी पट्टी १०० मिलिमीटरची होती. ओलावा ९ टक्क्यांवरून १६ वर गेला तर अशी एक पट्टी, कापणीनुसार, अर्ध्या ते सव्वा-दीड मिलिमीटरनं फुगते. दोन्ही मिळून एक ते पावणेतीन मिलिमीटर. हेच दार नुसत्या उभ्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून केलेलं असतं, तर कापणीनुसार अर्धा ते एक सेंटिमीटर फुगलं असतं.

मी टेपनं दाराची रुंदी तीन जागी मोजली. खालच्या टोकाला आणि मधे जवळपास सारखी. वरच्या टोकाला ४ मिलिमीटर कमी. म्हणजे आजोबांनी इतक्या वर्षांत ४ मिलिमीटर लाकूड काढलं होतं. दाराला मुळात ३ मिलिमीटरची फट असणार, तेवढी सुतार ठेवतोच. त्यात तासलेले ४ मिळवले तर ७ मिलिमीटर मोकळी जागा झाली. पावणेतीन मिलिमीटर फुगून ती भरत नाही. तरीही दार अडकत होतं.

दुसरी खूण याहून बोलकी होती. फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात परत मूळ मापावर येतं. ते वर्षागणिक वाढत जात नाही. एकदा भर पावसात पुरेसं तासलं की पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा तेवढंच फुगायला हवं आणि मोकळंच राहायला हवं. दरवर्षी त्याच जागी नव्यानं तासावं लागत असेल, तर काहीतरी दरवर्षी थोडं थोडं सरकतं आहे, आणि ते लाकूड नाही.

बिजागरी

दार लावून घेतलं आणि बिजागरीच्या बाजूची फट पाहिली. ही बाजू कुणी पाहतच नाही, कारण अडकतं ते समोरच्या बाजूला. खाली फट २ मिलिमीटर, वर ७. दाराला दोनच बिजागऱ्या होत्या, त्यांच्यामध्ये अंतर दीड मीटरच्या आसपास. वरची बिजागरी चौकटीपासून ५ मिलिमीटर बाहेर आली होती.

खात्री करायला दार अर्धं उघडलं, मूठ धरून हलकेच वर उचललं. वरच्या बिजागरीतून टक् असा आवाज आला आणि तिचं पातं चौकटीवर हललेलं डोळ्यांना दिसलं. मग जमिनीकडे पाहिलं. फरशीवर कमानीसारखा एक पुसट ओरखडा होता, दाराच्या खालच्या कोपऱ्यानं काढलेला. वरची बिजागरी ५ मिलिमीटर बाहेर आली की दीड मीटर उंचीवर दार तेवढं कलतं, आणि ८० सेंटिमीटर दूर असलेला कडीकडचा कोपरा पावणेतीन मिलिमीटर खाली बसतो. वरचा कोपरा पुढे, खालचा कोपरा खाली. घासण्याच्या दोन्ही खुणा एकाच कारणानं समजल्या.

हिशोबही आता जुळला. बिजागरीमुळे सरकलेले ५ आणि फुगलेले अडीच, मिळून साडेसात. मुळची फट ३ आणि तासलेले ४, मिळून ७. अर्धा मिलिमीटर कमी पडत होता, म्हणून दार अडकत होतं. उन्हाळ्यात अडीच मिलिमीटर परत मिळायचे, म्हणून ते सुटायचं. फुगणं हे फक्त शेवटचं निमित्त होतं. मूळ दुखणं बिजागरीत होतं.

स्क्रू तपासले. वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे चार स्क्रू, लांबी जेमतेम २० मिलिमीटर. त्यातले दोन जागच्या जागी फिरत होते, पकड शून्य. एक काढला तर भोकातून लाकडाचा भुगा आणि जुन्या आगकाड्यांचे तुकडे आले. कधीतरी कुणीतरी हीच तक्रार आगकाड्या कोंबून मिटवली होती.

बिजागरी एवढी का ओढली गेली? दाराचं वजन मी २८ किलोच्या आसपास धरतो. ते वजन दाराच्या मध्यावर लोंबकळतं, म्हणून वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर खेचणारा जोर साधारण साडेसात किलोचा पडतो. हे दोन धड स्क्रूही वर्षानुवर्षं पेलतात. पण दाराच्या मागे खुंट्यांची पट्टी होती. तिच्यावर आजींच्या पिशव्या, शाली, नातवाचं दप्तर, सुनेची पर्स. आठ किलो तरी असेल. त्यानं दोन किलोचा जास्तीचा जोर, आणि तोही दिवसरात्र. शिवाय नातू मूठ धरून दारावर झुलायचा. ३० किलोचं पोर दाराच्या कडेला लोंबकळलं की वरच्या बिजागरीवर एकदम १५-१६ किलोचा अधिक जोर येतो, झटक्यासकट. नातवाला रागावण्यात अर्थ नव्हता. झुलण्याजोगी वस्तू दिसली की पोरं झुलतात. त्याला मी बिजागरी हलताना दाखवली, स्क्रूचं भोक दाखवलं, आणि पाहणीत मूठ उचलायचं काम त्यालाच दिलं. नंतर तो झुलला नाही असं सूनबाई सांगतात.

इथे थोडं थांबून एक सांगतो. दोष चौकटीचाही असू शकला असता, म्हणून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडून पाहिला. बिजागरीकडची बाजू २ मीटर उंचीत २ मिलिमीटर कललेली, म्हणजे चिंता नाही. चौकटीचे खालचे पाय स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकले. पोकळ आवाज आला असता तर वाळवी किंवा कूज धरून चाललो असतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर निघाली असेल आणि ती वाढत असेल, तर मात्र दाराला हातच लावू नये. ते घर बसत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथे सुताराआधी बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवावं लागतं. या घरी तसं काही नव्हतं.

घरातलं बोलणं

कारण सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या जागी रंधा मारला?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही रंधा मारलात म्हणून दार दरवर्षी उघडत राहिलं. नाहीतर कुणीतरी लाथ घालून सांधेच मोडले असते." हे त्यांचं मन राखायला म्हटलेलं नव्हतं. त्यांनी तासलेली कड सरळ होती, कोपरे फुटलेले नव्हते, आणि दरवेळी जेवढं लागेल तेवढंच काढलेलं होतं. घाईचा माणूस पहिल्याच वर्षी सेंटिमीटरभर उडवून मोकळा झाला असता.

मुलाला मी वेगळी गोष्ट दाखवली. नवं फ्लश डोअर आणलं तरी ते याच चौकटीला, याच भोकांवर लागणार. बसवणारा घाईत असेल तर पुन्हा तेच २० मिलिमीटरचे स्क्रू मारून जाईल आणि दोन-तीन वर्षांत नवं दारही कलेल. फ्लश डोअरला कडेनं लाकडाची पट्टी असते ती अरुंद, तिच्यापलीकडे तासता येत नाही. खालची कड न्हाणीघराच्या ओलाव्यात राहिली आणि नीट बंद केलेली नसली की थर सुटायला लागतात. माझं मत मी स्पष्ट दिलं: हे दार टाकण्यासारखं नाही. मुलगा लगेच पटला असं नाही. "दुरुस्ती करून परत अडकलं तर?" असं त्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. म्हणून ठरलं की आत्ता, पावसातच, परत उलटवता येईल एवढंच काम करायचं. त्यानं दार सुटलं तर निदान बरोबर. नाही सुटलं तर नव्या दाराचा विचार.

या क्रमावर माझा फार भर असतो. स्क्रू आवळला तर परत सैल करता येतो. बिजागरीमागे पुठ्ठ्याची पट्टी घातली तर काढता येते. तासलेलं लाकूड परत येत नाही. त्यामुळे रंध्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

आणि मग आजींना विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मूठ गोल आणि लहान आहे, बोटं आखडतात तेव्हा धरता येत नाही. आतली कडी वर आहे, हात पोचवताना तोल जातो. आणि तिसरी गोष्ट हळूच सांगितली: आत पडले तर कुणाला दार उघडता येईल का, याची भीती वाटते. यातली एकही गोष्ट तासून सुटणारी नव्हती आणि नवं दार आणूनही आपोआप सुटली नसती.

पावसात केलेलं काम

दाराच्या मागचं सगळं सामान उतरवलं आणि खुंट्यांची पट्टी भिंतीवर हलवली. दार अर्धवट उघडून खाली लाकडाची पाचर सरकवली, म्हणजे वजन पाचरीवर आलं. मग वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू एकेक करून काढले आणि प्रत्येकाच्या जागी ५० मिलिमीटरचा स्क्रू घातला. एका वेळी एकच, म्हणजे दार उतरवावं लागत नाही आणि बिजागरी जागची हलत नाही. चौकट ६५ मिलिमीटर जाड होती, तेव्हा नवा स्क्रू जुन्या फाटलेल्या भोकाच्या पार पुढे जाऊन ताज्या लाकडात रुतला. स्क्रूचं डोकं जुन्याच मापाचं घेतलं. डोकं बिजागरीच्या खळग्यात पूर्ण बसलं नाही तर बिजागरी मिटत नाही आणि दार नव्या जागी अडकतं.

शेवटचा स्क्रू आवळताना पातं चौकटीला टेकलं. बिजागरीकडची फट वरखाली सारखी झाली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. कुठेही घासलं नाही, भर पावसात, रंध्याचा एकही हात न मारता. आजोबांनी स्वतः उठून चार वेळा उघडझाप केली.

हे झालं तरी काम संपलेलं नव्हतं. आरशाचा तुकडा दाराखाली सरकवून पाहिलं तर खालच्या कडेला रंगाचा थेंबही नव्हता. बहुतेक घरांत हेच आढळतं, कारण रंगारी दार लटकलेलंच रंगवतो आणि खालची कड कुणाला दिसत नाही. उभ्या पट्टीचं खालचं तोंड म्हणजे तंतूंची कापलेली टोकं. तिथून लाकूड पाणी पितं ते बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगानं. शेजारी न्हाणीघर, रोज ओलं पोतेरं. पट्टीचं टोक काळवंडलं होतं आणि खालचा सांधा केसभर उघडला होता. पण ओल्या लाकडावर रंग चढवला तर आतला ओलावा कोंडतो आणि रंगाला फोड येतात. म्हणून ते काम कोरड्या दिवसांवर ढकललं. तोवर एवढंच सांगितलं की पोतेरं पिळून घ्या आणि दाराखाली पाणी साचू देऊ नका.

कोरड्या हवेतलं काम

हवा चांगली कोरडी झाल्यावर दार उतरवलं. उतरवताना खालची बिजागरी आधी सोडायची आणि वरची शेवटी, आणि दुसरा माणूस हवाच. आधी वरची सोडली तर सगळं दार खालच्या स्क्रूंना फाडत पुढे येतं.

फाटलेली भोकं बुजवण्याचं काम आजोबांनी घेतलं. जुनी भोकं थोडी मोठी आणि स्वच्छ करून त्यात सागवानाचे बूच सरसासह बसवायचे. इथे एक बारकावा आहे, आणि त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. गोल खुंटी कापून भोकात ठोकली तर तिचे तंतू स्क्रूच्या दिशेनंच धावतात आणि स्क्रूला पकड कमी मिळते. बुचाचे तंतू चौकटीच्या तंतूंना समांतर, म्हणजे स्क्रूला आडवे असले तर पकड चांगली बसते. त्यासाठी बूच फळीच्या रुंद अंगातून कोरून काढावे लागतात. आजोबांचा हात थरथरतो, पण पटाशीला, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीला, धार लावण्यात त्यांना अजून कुणी हरवणार नाही. त्यांनी धार लावली, बूच मी कोरले, बसवले त्यांनी. सरस पूर्ण सुकायला एक दिवस ठेवला, मग बूच पटाशीनं सपाट केले. स्क्रूच्या गाभ्याहून किंचित बारीक भोक आधी पाडलं आणि स्क्रूला मेण लावून आवळलं. साबण लावायची सवय पुष्कळांना असते. साबण ओलावा धरून ठेवतो, स्क्रू गंजतो, मेण बरं. पितळी स्क्रू वापरायचे असतील तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढावा. पितळ मऊ असतं, सागवानात डोकं तुटून राहतं.

तिसरी बिजागरी घातली, मध्याच्या थोडी वर. तिन्हींच्या खिळीला थेंबभर तेल.

तासून गेलेली कड भरून काढणं हे या दुरुस्तीतलं सगळ्यांत नाजूक काम. पाचरीसारखी निमुळती चिरफळी वरच्या भागात चिकटवायचा मोह होतो, पण तिचं बारीक टोक टिकत नाही, उकलतं. त्याऐवजी कडीकडची पूर्ण कड खालपासून वरपर्यंत एका रेषेत सरळ केली. तिच्यावर पूर्ण उंचीची १० मिलिमीटरची सागवानी पट्टी सरस लावून शिकंज्यांनी आवळली. पट्टीचे तंतू उभ्या पट्टीला समांतर ठेवले, म्हणजे दोन्ही लाकडं सारखीच फुगतील-आकसतील. सुकल्यावर माप घेऊन पट्टी तासली. कोरड्या दिवसांत कडीकडे ४ मिलिमीटरची फट ठेवली. दार बिजागरीपासून पुढे वाढतं, त्यामुळे फुगल्याचा सगळा परिणाम याच बाजूला दिसणार. पावसात अडीच गेले तरी दीड उरावा हा हिशोब. कड बाहेरच्या अंगाला अडीच अंशांच्या आसपास तिरकी केली, म्हणजे दार फिरताना तिचा मागचा कोपरा चौकटीला लागत नाही. शेवटचा रंधा आजोबांनी मारला. मी फक्त दार धरून उभा होतो.

खालचा सांधा सरस भरून आवळला. काळवंडलेलं टोक घासून स्वच्छ केलं, पूर्ण वाळू दिलं, मग वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंगाचे हात दिले, पहिला हात शोषून संपला की दुसरा, लाकूड पिणं थांबेपर्यंत. जुना रंग काढताना पॉलिशपेपर ओला करून वापरला आणि नातवाला त्या दिवशी तिथे फिरकू दिलं नाही. जुन्या घरांतल्या रंगात शिसं असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला घातक ठरते, आणि असा रंग कोरडा घासणं किंवा जाळणं हे दोन्ही टाळायलाच हवं. चिंध्या आणि भुगा पिशवीत बांधून घराबाहेर काढला.

आजींच्या मागण्यांना सगळ्यांत कमी वेळ लागला. गोल मुठीच्या जागी दोन्ही बाजूंना लांब उभी मूठ बसवली, अशी की पंजा आत घालून नुसत्या मनगटानं ओढता यावं. वरची कडी काढून टाकली. तिच्याऐवजी कमरेच्या थोडं वर, हात न उचलता पोचेल अशा उंचीवर आतून फिरवायची कडी दिली, जी बाहेरून नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून उघडता येते. ती बाहेरून कशी उघडायची हे घरातल्या प्रत्येकानं एकदा करून पाहिलं, नातवानंही. दार आत उघडतं, त्यामुळे कुणी दारामागेच पडलं तर ते ढकलणं अवघड राहणार. तेवढ्यासाठी दाराची दिशा बदलायची की नाही यावर विचार झाला. बाहेरची बोळ अरुंद, उघडं दार येणाऱ्या-जाणाऱ्याला लागलं असतं. म्हणून दिशा तीच ठेवली, पण आजींचा पलंग आणि कपाट असं हलवलं की दारामागची जागा चालण्याच्या वाटेत येत नाही.

पुढचा पावसाळा

पुढच्या पावसाळ्याच्या मध्यावर पाहायला गेलो. कडीकडच्या फटीत जाड पुठ्ठा वरपासून खालपर्यंत सरकत गेला, वर थोडा घट्ट. बिजागरीकडची फट सारखी. मूठ उचलून पाहिली, आवाज नाही. खालचा सांधा बंद होता. एका जागी खालच्या कडेचा रंग पायपुसणीनं घासून उडाला होता, तो कोरड्या दिवसांत पुन्हा लावायला सांगितला आणि पायपुसणी पातळ घ्यायला सांगितली. आजोबांनी चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं फटीची मापं लिहायला सुरुवात केली आहे, महिन्यासह. नोंद नातू ठेवतो, माप आजोबा सांगतात. आजी रात्री दार लावून झोपतात आणि आतली कडीही घालतात.

सूनबाईंनी निघताना न्हाणीघराचं दार दाखवलं. ते साध्या लाकडाचं आहे, खालची हातभर पट्टी मऊ पडली आहे, बोट दाबलं तर आत जातं. तिथे माझं मत मुलाच्या बाजूनं आहे: ते दुरुस्त करू नये, बदलावं, आणि रोज पाणी झेलणाऱ्या जागी लाकूड न वापरता पीव्हीसी किंवा फायबरचं दार लावावं. आजोबांना ते अजून मान्य नाही. चौकटीचे पाय किती सडले आहेत ते कोरड्या हवेत उकरून पाहू आणि मग ठरवू, एवढ्यावर दोघं राजी झाले आहेत.